तळं पाहुण्यांना दाखवतात

हुलिन, हैलोंगच्यांग
२६ ऑक्टोबर १९९२

पेइलिन,

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते. मी विचारणार नाही. तुझी तब्येत ठणठणीत आहे. त्या रविवारी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत तू माझ्यापुढे दहा पावलं चालत होतास आणि मी ती पाठीमागून नीट पाहिली आहे.

परवा इथं पोचले. चार दिवस गाडीत पाय वर घेऊन बसले, तरी टाचांचे फोड फुटलेच. आनिंगनं विचारलं, "आई, मामाकडे काय काय झालं?" मी म्हटलं, चाललो. "आणि?" मी म्हटलं, आणि चाललो. पोरगी सोळा वर्षांची आहे, तिला आईचं तोंड वाचता येतं. ती चुलीत लाकूड सारायला गेली.

तेवीस वर्षांत मी दुसऱ्यांदा हांगचौला आले. पहिल्यांदा आई गेली तेव्हा. या वेळी आमच्या सरकारी फार्मनं एका आजारी बाईला शांघायच्या इस्पितळात पोचवायला धाडलं म्हणून एक रविवार हाती लागला. एकच. तो मी तुला दिला. आणि तू मला काय दिलंस? तळं दाखवलंस!

अरे, त्या तळ्यापासून आपली गल्ली पाव तासावर. त्याच्या काठावर मी तुला पाठुंगळी घेऊन हिंडवलंय. तुटक्या पुलावरून पडून तू दात पाडून घेतलास तेव्हा रक्त माझ्या बाहीला पुसलंस. तो तुटका पूल तू मला बोट करून दाखवतोस? "ताई, हा बघ, नाव तुटका, पण धड आहे." घरच्या माणसाला कोणी गाव दाखवतं का? गाव पाहुण्यांना दाखवतात. घरच्याला घरी नेतात, पाय धुवायला गरम पाणी देतात आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला लावतात.

मी किती वेळा म्हटलं, घरी जाऊ? तू मला बेटावरच्या टेकडीवर चढवलंस. पुन्हा म्हटलं, ज्यूफेन वाट पाहत असेल. तर म्हणे, ती माहेरी गेलीय, चल, लाल मासे बघू. मासे! पावाचे तुकडे टाकत अर्धा तास बसलास. जेवायला पुलाच्या कठड्यावर डब्यातली गार अंडी आणि गार पाव. बहीण एवढ्या लांबून आली आणि तिच्या पोटात गरम घोट गेला नाही.

आणि बोललास कुठल्या भाषेत? रेडिओच्या! स्टेशनवर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत स्वच्छ, खणखणीत सरकारी चिनी. कमळपिठाची खीर विकणारीशी हांगचौचं बोललास, बसवाल्याशी बोललास. माझ्याकडे वळलास की जीभ बदलायची. तिसऱ्या पुलावर त्या फोटोवाल्यानं विचारलं, "बाई कुठल्या?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "हैलोंगच्यांगच्या." फोटो बघशील तेव्हा माझा चेहरा नीट बघ.

मी कशासाठी आले होते ते तुला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा सरकारनं शाळेतून उचलून उत्तरेला शेतीवर धाडलेल्यांच्या एका मुलाचं नाव सोळा पूर्ण झाल्यावर शहराच्या नोंदवहीत परत लागतं. जवळच्या नातेवाइकानं सही करायची की माझ्या घरात जागा आहे. यंदा सोळाची झालेल्यांना मुदत वर्षाअखेरपर्यंत. त्या शहरात माझं जवळचं असं एकच माणूस आहे. अर्ज मी फार्मच्या कचेरीतून शिक्का मारून आणला होता, पिशवीत आतल्या कप्प्यात. तळ्यातल्या लांब बांधावर सहा पूल आहेत. प्रत्येक पुलावर मी थांबले आणि म्हटलं, "पेइलिन, आनिंगचं—" आणि प्रत्येक पुलावर तू पुढं निघालास, "ताई, खरी मजा पुढच्या पुलावरून."

सहाव्या पुलाखाली काय झालं ते मी लिहिते, म्हणजे तू उद्या नाही म्हणायला नकोस. होडीवाली तोंग मावशी काठाला उभी होती. आपल्या गल्लीतली, मला वाटलं धावत येईल. तिनं मला ओळखलंसुद्धा नाही. तुला म्हणाली, "काय रे, वाट्याला काय आलं?" तू माझ्याकडे बघितलंस, आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "बासष्ट." ती वल्ह्यावर ओणवी होऊन हसली. "बासष्ट! हिला ठाऊक आहे?" तू म्हणालास, "नाही. तू बोलू नकोस."

तुला वाटलं मी विसरले? बर्फात राहून कान गोठले माझे? आपल्या गावात बासष्ट कशाला म्हणतात ते मला शिकवायला नको. खुळी. गावंढळ. कोणीही यावं आणि टपली मारून जावं अशी. शाळेत कोणाचा बासष्टावा नंबर आला तर तो रडत घरी जायचा. ती शिवी तू मला दिलीस, माझ्यादेखत, आणि वर तिला हसू दिलंस. आनिंगचा मामा होऊन तिच्या आईलाच मामा बनवलंस.

म्हणून तो अर्ज मी तुझ्या डोळ्यांसमोर तळ्यात टाकला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. बसमध्ये बसून मी मागं वळून पाहिलं. तू आला नाहीस. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत दारात उभी होते. तू आला नाहीस.

एका घरातून एकानं जायचं होतं. मी सतरा, तू पंधरा. मी गेले. हे मी तेवीस वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

यालान


हांगचौ, रेशीम गिरणी
६ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मागांच्या खडखडाटात उभ्यानं वाचलं. ते बरं झालं, कारण वाचता वाचता मी जे काही ओरडलो ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मी स्टेशनवर आलो नाही. कारण मी तळ्यात होतो. कमरेपर्यंत पाण्यात, बुटांसकट. तू कागद टाकलास आणि तरातरा बसकडे गेलीस. तुझ्या मागं धावावं की कागदाच्या मागं, हे ठरवायला मला तीन श्वास मिळाले. मी कागद निवडला. तो वाहत वाहत कमळाच्या सुकल्या देठांत शिरला. मावशी होडीतून पानं काढायची जाळी घेऊन शिव्या देत होती. काठावर पन्नासेक माणसं जमली. एकानं माझा फोटो काढला. मग दंडाला लाल पट्टी बांधलेला रखवालदार आला आणि मला बाहेर काढून विचारू लागला, "तळ्यात का उतरलात?" मी म्हटलं, बहिणीनं टाकलं. तो म्हणाला, "काय टाकलं?" मी म्हटलं, मला. तिथून सुटेपर्यंत तुझी गाडी गेली होती.

आता बासष्ट. आधी बस कुठंतरी.

आपली गल्ली पाडली. एप्रिलमध्ये. रस्ता रुंद होतोय. तुला कळवलं नाही, म्हटलं ताईला कशाला दुखवा. गल्लीतल्या सगळ्यांना गिरणीपलीकडे नव्या इमारतींत घरं मिळायची आहेत, आणि सहा महिने जो तो दुसऱ्याला एकच विचारतो: वाट्याला काय आलं? मावशीच्या वाट्याला तीन नंबरची इमारत आली. मला दोनांतलं एक निवडायचं होतं. पाच नंबरच्या इमारतीत दक्षिणेकडच्या दोन खोल्या, हिवाळाभर ऊन. किंवा इमारत सहा, जिना दोन. पाटीवर ६-२. दोन खोल्या आणि उत्तरेला एक चिंचोळी तिसरी. ते घर चार महिने कोणी घेत नव्हतं. कोण घेईल? जन्मभर पत्त्यावर शिवी लिहायची! पोस्टमन हसणार, सोयरे हसणार. म्हणून ते उरलं होतं. मी घेतलं.

त्या चिंचोळ्या खोलीत एक खाट आणि एक टेबल मावतं. मी मोजून पाहिलंय. आता विचार, कोणाची खाट.

मावशी हसली ती माझ्यावर. "हिला ठाऊक आहे?" म्हणजे आमच्या हिला, ज्यूफेनला. ज्यूफेनला मी अजून सांगितलं नव्हतं. पाच नंबरच्या उन्हात लेकीचं टेबल कुठं ठेवायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. तू बारीक झालीस, तुझा चेहरा उत्तरेचा झालाय, मावशीनं तुला खरंच ओळखलं नाही. मी मागाहून तिला सांगितलं तेव्हा ती वल्हं टाकून मटकन खाली बसली. "यालान होती? आणि मी हसले?" दोन दिवस तिनं होडी काढली नाही.

आता तुझ्यावरचा माझा राग. माझ्याकडेही थोडा आहे, सगळा तुझ्याच घरी मुक्कामाला नाही.

तू म्हणतेस मी तुला घरी नेलं नाही. कुठं नेऊ? एप्रिलपासून आम्ही ज्यूफेनच्या आईच्या एका खोलीत पाच माणसं झोपतो. तुझी पत्रं गिरणीच्या पत्त्यावर मागवतो ती काय हौस म्हणून? मला दुसरा पत्ताच नाही. तू पहिल्यांदा "घरी जाऊ" म्हणालीस तेव्हा मी तुला टेकडीकडे वळवलं. इतक्या वर्षांनी बहीण विचारते घर कुठं, आणि माझ्याकडे दाखवायला विटांचा ढीग! म्हणून तुला चालवलं. तळ्याला दार नसतं, तिथं कोणी कोणाला घालवून देत नाही. माझ्याकडे तुला बसवायला तेवढीच जागा होती.

आणि अंडी गार होती कारण ती मी आदल्या दिवशी सासूबाईंची नजर चुकवून उकडली होती.

भाषेचं म्हणतेस. स्टेशनवर पहिलं वाक्य कोणाचं होतं, आठव. "पेइलिन, किती बारीक झालास!" उत्तरेच्या हेलात, जीभ वळवून. मला वाटलं, ताईला आता आपलं बोलणं नको असेल. तू ज्यात विचारलंस त्यात मी उत्तर दिलं. फोटोवाल्याला "हैलोंगच्यांगच्या" म्हणालो कारण तुझ्या पिशवीवर फार्मचं नाव लाल अक्षरांत छापलेलं होतं आणि तो ते वाचतच होता. तरी ते मी बोलायला नको होतं. ते तेवढं माझ्या खात्यावर मांड.

पुलावर मी तुला बोलू दिलं नाही. ताकाला येऊन तू भांडं लपवत होतीस आणि मला ते भांडं दिसत होतं. तू विचारलं असतंस तर मला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. घराच्या कागदावर ज्यूफेनची सही लागते. त्या दिवशी ती झालेली नव्हती. खोटं हो मला म्हणायचं नव्हतं. नाही तर मेलो असतो तरी म्हणालो नसतो. म्हणून पुढचा पूल, पुढचा पूल करत राहिलो. सातवा पूल असता तर तिथंही नेलं असतं.

आणि शेवटचं. तू लिहिलंस, मी गेले म्हणून. ते मला ठाऊक नाही असं वाटतं तुला? स्टेशनवर बँड वाजत होता, आई तुझ्या उशीत पैशांऐवजी सुकवलेली मोहरीची भाजी शिवत होती, आणि मी सायकलवर शिट्टी वाजवत फिरत होतो, कारण मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. रात्री तुझी खाट रिकामी दिसली तेव्हा कळलं. तेवीस वर्षं मला कोणी एकदा तोंडावर शिवी द्यावी असं वाटत होतं. तू पत्रात सुकी भाजी कशी झाली ते विचारायचीस.

त्या रविवारी सहाव्या पुलाखाली बाहेरगावची पन्नास माणसं होती. सगळ्यांनी "बासष्ट" ऐकलं. एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही, त्यांच्या दृष्टीनं तो आकडा होता. राग एकटीलाच आला. तू कुठली, हे मला आता कोणी विचारू नये.

अर्ज सोबत आहे. शिक्क्याची लाल शाई तेलातली असते, ती पाण्याला भीत नाही. शिक्का जसाच्या तसा आहे. तुझी निळी शाई मात्र सगळी धुऊन गेली. गिरणीत रेशमाच्या दोन तुकड्यांमध्ये घालून इस्त्री केलाय. पुन्हा भर. या वेळी भांडं लपवू नकोस.

पेइलिन


[पोस्टकार्ड]

हांगचौ, २१ नोव्हेंबर

ताई, पंधरा दिवस झाले, तुझं एक अक्षर नाही. अर्ज कुठंय? मुदत वर्षाअखेरची आहे, तुझ्या रागाच्या सोयीची नाही. ज्यूफेनची सही झाली. कशी झाली विचारू नकोस, त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलते आणि मी ऐकतो. कार्डावर तळ्याचं चित्र आहे, पोस्टाच्या खिडकीवर दुसरं कार्ड नव्हतं. चित्र बघू नकोस, मागची बाजू वाच. पे.


हुलिन
३० नोव्हेंबर

पेइलिन,

तुझं ते जाड पत्र इथं पोचून सोळा दिवस झाले. मी ते फोडलं नव्हतं. घरातल्या तापत्या ओट्यावरच्या चटईखाली सरकवून त्यावर बसत होते. म्हटलं, माफीच असेल, शेकू दे. शनिवारी तुझं कार्ड आलं. कार्ड उघडंच असतं, ते आनिंगनं आधी वाचलं. मला काही न विचारता तिनं चटई उचलली, पाकीट फोडलं आणि वाचत बसली. मग येऊन म्हणाली, "आई, बासष्ट म्हणजे काय?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तिचा बाप म्हणाला, "एवढंच? आमच्याकडे खुळ्याला अडीचशे म्हणतात."

मी हसले नाही. मला तुझा राग आला. पहिला रद्द करून नवीन आला, तो लिहिते.

घर पाडलं आणि मला कळवलं नाहीस! ते माझं घर नव्हतं? स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आईनं सुरीनं आपली उंची कोरलेली होती, डाव्या बाजूला माझी, उजव्या बाजूला तुझी. माझी खूण सतराव्या वर्षी थांबते. इथं बर्फात एखादा दिवस फार वाईट गेला की मी मनातल्या मनात त्या चौकटीत जाऊन उभी राहायचे. एप्रिलपासून मी ज्या दारात उभी राहत होते ते दारच नव्हतं, आणि तुला वाटलं ताईला कशाला दुखवा. मी दूध काढणारी बाई आहे, पेइलिन. उणे तीसमध्ये पहाटे गोठ्यात जाते. मला एक घर पडल्याचं सांगितलं असतंस तर मी मेले नसते. तू सांगितलं नाहीस, म्हणून मी तुझ्या तळ्याभोवती आठ तास मूर्खासारखी घर शोधत हिंडले. चौकट तरी काढून ठेवलीस का? खरं लिही.

आणि मला बारीक म्हणू नकोस. मी स्टेशनवर तुला आधी म्हटलं होतं.

भाषेचं मात्र तुझं बरोबर आहे. मी उत्तरेच्या हेलात सुरुवात केली. गाडीत रात्रभर मनाशी हांगचौचं बोलून पाहत होते. समोरच्या बाकावरची एक आपल्या गावचीच निघाली, मी तिला दोन शब्द बोलले, तर ती म्हणाली, "छान शिकलात हो आमची भाषा!" मग मी तोंड मिटलं. तू हसशील अशी भीती वाटली. तू हसला नाहीस, तू रेडिओ झालास. आपण दोघंही शहाणेच.

तू पाण्यात उतरलास. ते वाचून मी थोडा वेळ बाहेर गेले. एवढंच लिहिते.

अर्ज भरला आहे. आधी मी "कारण" या रकान्यात बारीक अक्षरांत अकरा ओळी लिहिल्या होत्या. आईचं आजारपण, माझी सेवा, आनिंगचे गुण, सरकारचे आभार. ते सगळं तळ्यानं धुतलं ते बरं झालं. या वेळी एकच ओळ लिहिली आहे. कचेरीतला माणूस नाक मुरडेल. मुरडू दे. जलद टपालानं पाठवते.

ज्यूफेनला सांग, तिनं सही केली ते मला कळलं. उन्हाचं टेबल गेलं हेही कळलं. माझ्याकडून वेगळे आभार लिहून आणू नकोस, तिला ते खोटे वाटतील. मलाही कोणी माझ्या घरातली खोली मागून घेतली असती तर मी भिंतीशीच बोलले असते.

यालान


हांगचौ, रेशीम गिरणी
२० डिसेंबर

ताई,

चौकट ठेवली नाही. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. पाडायला आले तेव्हा मी पाळीवर होतो. संध्याकाळी गेलो तर मुकादमानं सगळं लाकूड ट्रकमध्ये भरून नेलं होतं. मी त्याच्याशी भांडलो, त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून तुला लिहायला बसलो की त्या चौकटीपाशी येऊन अडायचो, म्हणून कागदच बाजूला ठेवायचो. हा राग तुझ्याकडेच राहू दे.

काल कचेरीत गेलो. मी आणि ज्यूफेन. घरधनी आणि घरधनीण दोघंही समोर लागतात. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून, मी दाराकडे. रांग दरवाज्याबाहेर. आमची पाळी आली तर तो कारकून, पंचविशीचा, केसांना तेल, अर्ज हातात घेऊन मोठ्यानं वाचतो, "पत्ता, इमारत सहा, जिना दोन. सहा-दोन? बासष्ट?" आणि मागं बघून सगळ्या रांगेला, "अहो, इथं बासष्टात राहणारे आलेत!" रांग हसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ज्यूफेन पुढं झाली. सहा आठवडे माझ्याशी न बोललेली बाई! टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "हो, बासष्टात. आम्हाला तिसरी खोली हवी होती, आम्ही घेतली. तुझ्या घरात किती खोल्या आहेत रे शहाण्या? लिही पुढं."

तो लिहू लागला. मग "कारण" पाशी त्याचा हात थांबला. "'मी तिथली आहे.' एवढंच? हे कारण झालं का?"

ज्यूफेन म्हणाली, "तुला बासष्टाचं हसू कशानं आलं?"

तो म्हणाला, "म्हणजे काय? मी इथलाच आहे."

"तिला त्याच शब्दाचा राग आला. एवढा, की हा अर्ज तिनं तळ्यात फेकला. ती कुठली असेल मग? मार शिक्का."

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मार रे, मार." त्यानं मारला.

आनिंगचं नाव वहीत लागलं आहे. चौथी ओळ. मी, ज्यूफेन, आमची लेक, मग ती. मी दोनदा वाचून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये ज्यूफेन बोलली. म्हणाली, "उत्तरेची खोली गारठते. त्या पोरीला जाड रजई आणायला सांग. आणि बासष्टात राहायचंच आहे तर तोंड पाडून राहू नकोस." अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण भिंतीची सुटका झाली.

किल्ल्या तीस तारखेला मिळतात. आनिंगला पंचांगाच्या नव्या वर्षाआधी, जानेवारीतच पाठव. तारीख कळव. मी स्टेशनवर असेन, कोरडा. तिला घेऊन आधी तुटक्या पुलावर जाईन म्हणतो, मग मावशीच्या होडीतून—

नको, तूच सांग.

पेइलिन


हुलिन
४ जानेवारी १९९३

पेइलिन,

आनिंग नऊ तारखेला निघते. चौदाला दुपारी हांगचौ. हिरवा कोट, माझीच ती लाल अक्षरांची पिशवी. रजई जाड आहे.

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं. मग पुन्हा वाचलं. चौथ्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसले असेन कोण जाणे, गाय लाथ मारायला आली. आनिंगच्या बापानं ओट्यावर बसून तिला हांगचौचे चार शब्द शिकवायला सांगितलं. मी पहिला कोणता शिकवला ते ओळख.

आता एक गोष्ट लिहून टाकते म्हणजे मोकळी होईन. त्या वहीत एकच नाव लागतं. माझं लागणार नाही, पुढंही नाही. मी चाळीसची झाले, माझी हाडं इथल्याच मातीत जायची. तळ्याभोवती चालताना मला प्रत्येक पुलावर तेच दिसत होतं आणि तुझ्या पाठीकडे बघून मी तुझ्यावर चिडत होते. राग आहे आणि राहणार आहे. तो तुझ्यावर नव्हता, हे आता कबूल करते. पण ज्यांच्यावर आहे ते काही माझ्या पत्राला उत्तर देणार नाहीत. तू देतोस. तेव्हा अधूनमधून तुझ्यावरच निघेल, सोसत जा.

मावशीला सांग, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. पुढच्या खेपेला आले आणि तिनं ओळखलं नाही तर मग बघते.

ज्यूफेनला सांग, पोरगी आळशी नाही, पण तोंडाळ आहे. आमच्या घरावर गेलीय. उलट बोलली तर ओरडायला लाजू नकोस म्हणावं, पाहुण्यांवर कोणी ओरडत नाही.

नव्या घराच्या दाराला चौकट असेलच. आत शिरल्याबरोबर पोरीला त्यापाशी उभी कर आणि सुरीनं खूण कर. डाव्या बाजूला.

आणि नीट ऐक. तिला तळं दाखवू नकोस. तुटका पूल नको, मासे नकोत, होडी नको, फोटोवाला तर मुळीच नको. तळं कुठं पळून जात नाही, भाजी आणायला जाता-येता तिला दिसेल. तू तिला स्टेशनवरून सरळ घरी ने. पाय धुवायला गरम पाणी दे, आणि जेवण झालं की भांडी घासायला लाव.

यालान